लवूचं माप

‘पाणी भरपूर पाजतोस ना रे रघुनाथ?’ धोंडोपंतांनी विचारलं, आणि मी म्हणालो, ‘हो तर. दिवसाला दहा पेले.’

एवढंच झालं. शनिवारची दुपार, बंदरकचेरी अर्ध्या दिवसाने सुटलेली, वैशाखाचं ऊन टाळूवर, आणि भर बाजारात डॉक्टरांचे कंपाउंडर धोंडोपंत एका हातात छत्री नि दुसऱ्या हातात आंब्यांची करंडी घेऊन समोर उभे. ‘शाब्बास,’ ते म्हणाले. ‘पाणी हेच मुख्य औषध समज. गोळ्या आपल्या नावाला. पाणी आत गेलं की विष धुऊन बाहेर. उद्या सकाळी डॉक्टर येतायत बघायला, तेव्हा घरीच राहा हो.’ आणि छत्री सावरत ते गेले. मी मात्र वाण्याच्या फळीशी तसाच उभा. वाणी म्हणाला, काय देऊ? मी म्हटलं, काही नको. काही नको तर सावलीत तरी या, तो म्हणाला. मी सावलीत गेलो नाही. माझ्या लक्षात आलं होतं की मी खोटं बोललो आणि माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मी म्हणजे कोण, तर साहेबाने ‘टाक कुणी मोडला?’ असं खोलीभर नजर फिरवून विचारलं की ज्याच्या कानशिलावर घाम येतो तो माणूस, आणि तोही टाक मी मोडलेला नसताना! आज बघा. वर आकडासुद्धा दिला. कुणी मागितला होता आकडा? नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी धोंडोपंत खूष होते. दहा पेले डॉक्टरांनी सांगितले होते हे खरं. आप्पांच्या पोटात जात होते चार. काल तर साडेतीन. आणि हे मला अगदी नेमकं ठाऊक होतं, कारण दहाचे चार मीच केले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील, विठू तांडेल. चाळीस वर्षं शिडाची फत्तेमारी चालवलेला माणूस. मलबारापासून कराचीपर्यंतचा किनारा त्यांना घरच्या परसासारखा माहीत होता, आणि मला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, होडीत पाय ठेवला की ओकारी येते. पण ते नंतर. पौषात एका सकाळी आप्पांची लघवी अडली. दुपारपर्यंत ते काही बोलले नाहीत, नुसते अंगणात फेऱ्या घालत राहिले, पोटावर हात धरून, ओठ घट्ट मिटून. संध्याकाळी अंगणातल्या चौथऱ्याला धरून खाली बसले तेव्हा माझ्या बायकोने, तुळसाने, मला कचेरीतून बोलावणं पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले, मला ओटीवर आणलं आणि म्हणाले, मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ आहे. वयाने वाढलेली गाठ मऊ असते, रबरासारखी. ही दगड आहे. कॅन्सर. हा शब्द मी तोपर्यंत कचेरीतल्या इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरातींच्या आसपास कुठेतरी वाचला होता, तो आमच्या ओटीवर येऊन उभा राहील असं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, मुंबईला न्या, तिथे रेडियम म्हणून काही देतात, पण पाठीचं दुखणं बघता ते हाडांत उतरलं असावं, आशा फार देत नाही मी. नाहीतर इथेच पोटाला भोक पाडून नळी बसवता येईल. आप्पांनी आतून ऐकलं. ‘आगबोटीत गठडी होऊन जायचा नाय मी,’ ते ओरडले. ‘आनि भोक तर नायच नाय. भोक पडला की बोट बुडते, डॉक्टर.’ डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. आगबोटींनी आप्पांचा सगळा धंदा खाल्ला होता, त्यांच्या डोळ्यांदेखत फत्तेमारी मिरकरवाड्याच्या वाळूत कलंडून पडली आणि लोकांनी तिच्या फळ्या कुंपणाला नेल्या, तेव्हा आगबोटीत चढण्यापेक्षा हा माणूस मरेल हे मला पक्कं माहीत होतं. मग राहिलं काय? राहिली रबराची नळी. दिवसातून तीनदा घालायची. कोणी? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

बाजार मागे टाकून मी मांडवीच्या रस्त्याला लागलो. जांभ्याची तांबडी धूळ वहाणांत शिरत होती, दोन्ही बाजूंच्या गडग्यांचे चिरे इतके तापलेले की जवळून जाताना भट्टीची झळ लागावी. कुठेतरी बांगडे सुकत घातले होते. तो वास मला लहानपणापासून आवडतो, पण हल्ली कुठलाही वास आला की मी आधी आपल्या बोटांचा वास घेऊन बघतो. कचेरीत लिहितालिहितासुद्धा. कार्बोलिकचा वास आणि त्याच्या खाली दुसरा. साबणाने जात नाही, राखेने जात नाही. तुळसा म्हणते, अवो कायसुदा वास येत नाय, उगीच काय मनात घेता. तिला नाही येत. नळी लाल आहे, हातभर लांब, करंगळीहून बारीक. टोपात उकळायची, चिमट्याने काढायची, गोडं तेल लावायचं. आप्पा बाजेवर उताणे, धोतर सोडलेलं, तोंड भिंतीकडे. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी दाखवलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर नुसते उभे राहिले, तिसऱ्या दिवशी मी एकटा. मी दार लावून घेतलं. कडी घातली. का घातली कोण जाणे, घरात तुळसाशिवाय कुणी नव्हतं. चाळीस वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने काळी पडलेली ती छाती, दोरखंडांनी घट्टे पडलेले ते हात, आणि मध्येच, धोतराच्या वळीखाली, कोवळी, पांढुरकी, कधी ऊन न लागलेली कातडी. ती बघायला माझा हक्क नव्हता. कुठल्याच मुलाचा नसतो. मी डावीकडे बघत हाताने चाचपलं. नळी अडली. आप्पांच्या मांडीचा स्नायू थरथरला पण तोंडातून हूं की चूं नाही. आणि मग ती एकदम आत गेली, भांड्यात धार पडायला लागली. मी भांडं कसंबसं खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन ओकलो. बाहेर आलो तेव्हा आप्पा तसेच भिंतीकडे तोंड करून होते. ‘झाला?’ त्यांनी विचारलं. नळीबद्दल की ओकण्याबद्दल ते मला कळलं नाही. मी म्हटलं, झालं.

बारा वर्षांचा असताना मी असाच ओकलो होतो. आप्पांनी मला पहिल्यांदा फत्तेमारीवर घेतलं होतं. रत्नागिरीहून जयगड, म्हणजे त्यांच्या लेखी अंगणातून परसात. मी किल्ल्याला वळसा घालायच्या आत सुरुवात केली ती जयगडापर्यंत थांबलो नाही. खलाशी आधी हसले, मग गप्प झाले. आप्पा सुकाणूवरून एकदाही उठले नाहीत. जयगडला त्यांनी मला उतरवलं, ओळखीच्या एका घरी नेऊन बसवलं, आणि म्हणाले, ‘उद्या चालत घरी जा. पायांना काय होत नाय ना तुझ्या?’ बस्स. रागावले नाहीत, मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी बोटीबद्दल काही शिकवलं नाही. मी शाळेत गेलो, व्हर्नाक्युलर फायनल झालो, बंदरकचेरीत चिकटलो. येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांची नावं मोत्यासारख्या अक्षरात लिहायला लागलो. लोक म्हणायचे, विठू तांडेलाचा मुलगा सरकारी नोकरीत! आप्पा म्हणायचे, ‘होय, कागदावरची गलबतं हाकतो.’ हसत म्हणायचे, पण मी हसणं आणि हसणं ओळखतो. पस्तीस वर्षांचा बाप्या झालो तरी ते वाक्य मला कुसळासारखं टोचतं.

तर पाणी. ते कसं झालं ते मला नीट आठवतं आणि आठवायचं नसतं. दहा पेले पाणी म्हणजे तीनदा नळी, कधी चारदा. सकाळी कचेरीला जाण्यापूर्वी, दुपारी जेवायला घरी येऊन, संध्याकाळी. दुपारी नळी घातल्यावर मला जेवण जात नसे. तुळसा ताट वाढून बसायची, मी भात चिवडायचो. चैत्रात एक दिवस आप्पांना ताप होता, ते दिवसभर गुंगीत होते, पाणी जेमतेम दोनतीन पेले गेलं, आणि त्या दुपारी मी पोट चाचपून बघितलं तर ते मऊ होतं. नळीची गरजच नव्हती. मी जेवलो. आमटी-भात, वर सुकटाची चटणी, दोनदा मागून घेतली. जेवताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी तुळसाची थट्टा केली, तिच्या आंबाड्याच्या भाजीवरून, आणि ती कितीतरी दिवसांनी हसली. त्या दुपारी माझ्या मनात ते आलं. आलं म्हणजे काय, कुणी येऊन कानात सांगितलं नाही. बाहेर पडताना मी नुसता उंबऱ्यात थांबलो आणि म्हणालो, ‘हे बघ, ते मागतील तेव्हाच पाणी दे. उगाच पाजत बसू नकोस. जास्त पाण्याने पोट फुगतं, डॉक्टर म्हणत होते.’ तुळसा म्हणाली, ‘आनि दहा पेले सांगितलेले ते?’ मी म्हटलं, ‘ते सुरुवातीचं.’ ती बिचारी काय बोलणार, डॉक्टरांशी बोलायला जाणारा मी.

मागतील तेव्हाच दे. आणि मला माहीत होतं की आप्पा पाणी कधीही मागत नाहीत. आयुष्यात कधी मागितलेलं नाही. घरात असले तरी त्यांचं पाणी मोजलेलं, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि तेही कुणी आणून दिलं तर. बोटीवरची सवय. आई गेली त्या वर्षी तिने हेच सांगितलं होतं मला, ‘तुझ्या बापसाक पानी विचारत जा हां, तो मागाचा नाय.’ तिचे शेवटचे शब्द होते असं नाही, शेवटी ती काहीच बोलली नाही, पण त्या आजारात कधीतरी म्हणाली होती. मी तेच उलटं वापरलं. गोळ्यांबरोबर नि जेवणाबरोबर तुळसा देईल तेवढंच; दहाचे आधी सात झाले, मग चार. नळी तीनदाची दोनदा झाली, दोनदाची एकदा. भांड्यात पडायचं ते काळपट, थोडं, आणि उग्र. आप्पा दुपारचे झोपून राहायला लागले. मी स्वतःला सांगितलं, बरं आहे, झोप लागते, त्रास कमी झाला. परवापासून त्यांना उचकी लागते, थांबत नाही. जीभ कोरडी, तपकिरी, वहाणेच्या तळासारखी. श्वासाला वास. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. भाट्याच्या खाडीकडून वारा यायला लागला, तो घामावर जरा गार लागला, आणि मी रस्त्यातच स्वतःला मोठ्याने म्हणालो, ‘हलकटा!’ समोरून येणारी कोळीण पाटी सावरत बाजूला झाली. तिला वाटलं असणार ऊन लागलं बाबाला.

पाणी मोजण्याची ती गोष्ट आमच्या घरात देवाच्या गोष्टीसारखी सांगत. मी सातआठ वर्षांचा असेन तेव्हाची, म्हणजे एकोणीसशे सहा-सात साल. मंगळूरची कौलं भरून फत्तेमारी मुंबईला निघाली होती, आप्पा तांडेल, बरोबर सात खलाशी. वाटेत वारा पडला. पडला तो नऊ दिवस उठलाच नाही. किनारा दिसेना, शीड फडक्यासारखं लोंबत राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की गोड्या पाण्याचं पिंप खालून पाझरून अर्धं झालंय. आप्पांनी पिंपाचा ताबा घेतला. नारळाची करवंटी घासून तिचं माप केलं. सकाळी एक, संध्याकाळी अर्धी, माणशी. तांडेलाने सगळ्यात शेवटी प्यायचं. पाचव्या दिवसापासून सकाळी अर्धी, संध्याकाळी नुसते ओठ भिजवायला. आणि दहाव्या दिवशी वारा आला आणि त्यांनी आठातले सात जण बंदराला लावले. आठवा लवू खलाशी, तो तापाने गेला. शेजारपाजारचे लोक संध्याकाळी ओटीवर बसले की ही गोष्ट मागायचे, आणि आप्पा सांगायचे, पिंपाचं सांगायचे, करवंटीचं सांगायचे, रात्रीच्या दवाने ओलं झालेलं शीड चोखल्याचं सांगायचे. लवूपाशी आले की ‘तो तापान गेला’ म्हणून उठायचे. मला ती करवंटी बघायला आवडायची. काळी झालेली, काठ गुळगुळीत, देवळीत ठेवलेली असे. दर नारळीपौर्णिमेला लवूची बायको येसूबाई आमच्याकडे यायची. आई तिला तांदूळ द्यायची, नारळ द्यायची, जेवायला बसवायची. ती आली की आप्पा मागच्या दाराने समुद्रावर जायचे आणि ती गेल्यावरच परत यायचे. मला वाटायचं, तिला नवऱ्याची आठवण होऊन रडू येतं ते आप्पांना बघवत नाही. पण येसूबाई कधी रडत नसे. ती जेवायची, पान खायची, आणि जाताना देवळीकडे बघायची.

गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. नुसतं ठरलं नव्हतं, मी ते पाठ केलं होतं. घरात जायचं, तांब्या भरून घ्यायचा, बाजेशी बसायचं, एक पेला पाजायचा, मग दुसरा, मग तिसरा. घोटघोट, चमच्याने, जमेल तसं. आणि सांगायचं. आप्पा, चूक माझी. मला नळी घालायची किळस येत होती. तुम्हाला बघायची लाज वाटत होती. म्हणून मी पाणी तोडलं. अगदी याच शब्दांत. मग त्यांनी थुंकावं माझ्या तोंडावर, जयगडला उतरवावं परत. उद्या सकाळी डॉक्टर आले की त्यांनाही सांगायचं, सगळ्यांसमोर, धोंडोपंतांसमोर. नळी दहादा घालावी लागली तरी घालायची. असा विचार करताकरता मला जवळजवळ उत्साह वाटायला लागला, एखादं मोठं काम करायला निघाल्यासारखा. माणूस स्वतःच्या हलकटपणाचासुद्धा कसा सण करतो बघा. वर तहानही लागली होती, घसा चिकटला होता, पण मी म्हटलं, आधी ते पितील, मग मी.

तुळसा दारातच होती. ‘आज कायच पानी घेतलानी नाय,’ ती म्हणाली. ‘मी दोनदा विचारलं, मागतील तवाच द्या म्हनालात तरी विचारलं. तोंड फिरवल्यानी. उचकी बगा कशी लागलीय. अवो, मला भ्या वाटतं.’ मी माठातून तांब्या भरला, तिच्या हातून पेला घेतला आणि आत गेलो. आप्पा उताणे होते, डोळे अर्धे उघडे. खिडकीतून ऊन बाजेच्या पायावर आलं होतं. उचकी आली की अख्खी बाज हलायची. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मला जाणवलं की कितीतरी दिवसांत आम्ही एकमेकांकडे बघितलं नव्हतं. नळीच्या वेळी ते भिंतीकडे, मी डावीकडे. डोळे खोल गेले होते पण आत ते होते, सगळे, शाबूत.

मी त्यांच्या मानेखाली हात घातला. ‘आप्पा, पाणी घ्या.’ त्यांनी पेल्याकडे बघितलं. काठोकाठ होता. ‘कितवा?’

‘आजचा पहिलाच. घ्या.’

‘नको रं. काल साडेतीन झाला. आज त्याच्याखाली.’ उचकी आली, ती संपेपर्यंत ते थांबले. ‘फुकट घालवू नको.’

ते मोजत होते. बाजेवर पडून, ताप अंगात, गुंगीत, रोज मोजत होते. मी म्हटलं, ‘आप्पा, डॉक्टरांनी दहा सांगितलेत. चार माझ्यामुळे... मीच तुळसाला...’

‘म्हाईत हाय.’ त्यांचा हात वर आला, घट्ट्यांचा, हलका झालेला हात, आणि माझ्या मनगटावर बसला. ‘दहाचे सात केलंस तवाच वळखलं मी. साताचे चार. म्हटलं, बरोबर. पोर बरोबर चाललाय.’ ते हसले. हसताना ओठ फुटले, पण ते हसणं मी कधी बघितलेलं नव्हतं. ‘मी तुला म्हनायचो कागदावरची गलबतं हाकतो. म्हनायचो ना? मला वाटायचा तुझ्या पोटात धीर नाय. ओकनारा पोर. आनि तू कोनाला न विचारता...’

‘आप्पा, तसं नाही हो,’ मी म्हणालो. ‘तसं नाहीच आहे ते.’

‘तसाच असतो ते.’ त्यांना वाटलं मी संकोचाने बोलतोय. मनगट त्यांनी सोडलं नाही. ‘लवू तापान नाय गेला, रघू.’ बाहेर तुळसा भांडं घासायची थांबली होती. ‘ताप होता त्याला. पाय सुजलेले. तो जानार हे सगल्यांना दिसत होता. सहाव्या दिवसापास्नं मी करवंटी त्याच्या म्होरनं पुढच्याला दिली. तो मागत होता. विठूदा म्हनायचा, विठूदा, घोटभर. जीभ बाहेर काढून दाखवायचा. बाकीचे तोंड फिरवून बसले, कोन काय बोलला नाय. तीन दिवस मागत होता.’ ते छपराकडे बघत होते. ‘जानाऱ्यावर पानी घातला असता तर सात बंदराला लागले नसते. कोनीतरी ठरवाचा लागतो ना? तांडेलाचा काम ते. त्याची बायको यायची, मी समुद्रावर जायचो. तिला म्हाईत होता. ह्या लोकांत असल्या गोष्टी कलतात.’

मी पेला धरून होतो, पाणी काठावरून माझ्या बोटांवर सांडत होतं. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं, एखादा खलाशी वाऱ्याबद्दल तांडेलाला विचारतो तसं, खरंच विचारायला. ‘तुला जमला म्हनून तुला विचारतो. दुसऱ्या कोनाला विचारनार? मी बरोबर केला ना रं?’

मी पाठ केलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. किळस. लाज. ओकारी. एकेक शब्द तिथे उभा होता. मी ते बोललो असतो तर त्यांना कळलं असतं की त्यांचं पाणी कुणी ठरवून तोडलं नाही, एका भित्र्या माणसाला दुपारचं जेवण गोड लागावं म्हणून तुटलं. आणि लवूचं उत्तर त्यांना मिळालं नसतं, कारण उत्तर द्यायला माणूसच उरला नसता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ते हा प्रश्न घेऊन मागच्या दाराने समुद्रावर जात होते. मला वाटतं मी हे सगळं तेव्हा विचारात घेतलं. की मग नंतर जोडलं, आज सांगता येत नाही. मी म्हणालो, ‘होय, आप्पा.’

जीभ अडखळली नाही.

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. मी एकदा, दोनदा, पेला त्यांच्या ओठांना लावला, ‘घ्या, एक घोट, माझ्यासाठी,’ मी म्हणालो, आणि खरंच माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले, पौषात त्या सकाळी मिटले होते तसे, आणि पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तुळसा दारात येऊन उभी होती. ‘घेत नायत?’ तिने विचारलं. मी मान हलवली. आप्पांनी डोळे न उघडता हाताने माझा हात पेल्यासकट मागे ढकलला, माझ्याच तोंडाकडे.

‘तू पी,’ ते म्हणाले. ‘उन्हातनं आलास. तुला अजून काम हाय.’

मी पेल्याकडे बघितलं. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. मग मी प्यायलो, सगळा, एका दमात. पाणी माठातलं होतं, गार होतं, आणि मला फार तहान लागली होती.